वाचक विचारतात : येळवशीला लेकरांना काय दाखवू?

प्रश्न : माझं माहेर लातूर जिल्ह्यातलं, सासर पुण्यात. मुलं इथंच वाढली. त्यांना मराठवाडा म्हणजे दुष्काळ आणि टँकर एवढंच ठाऊक. “आई, लहानपणी तुम्ही मजा करायला कुठं जायचात?” असं धाकटीनं विचारलं, तर मला पटकन काही सांगता येईना. यंदा थंडीत आठवडाभर गावी यायचं ठरतंय. त्यांना काय दाखवू?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, आपल्याकडची मजा तिथीला बांधलेली आहे. नागपंचमीला लिंबाला झोके, श्रावणी सोमवारी रामलिंग, मार्गशीर्षाच्या अमावास्येला येळवस (रानात जाऊन करायची वेळ अमावास्या), संक्रांतीच्या आगंमागं हुरडा. पाणी आणि हिरवं रान इथं वर्षभर थांबत नाही, असेल तेव्हाच ते गाठावं लागतं. म्हणून आधी कॅलेंडर उघडा आणि मार्गशीर्ष अमावास्या धरूनच या. एखाद्या वर्षी ती जानेवारीत जाते. तसं असेल तर रजा पुढं ढकला, पण ती चुकवू नका.

त्या दिवशी लातूर, धाराशिवकडची गावं सकाळीच रिकामी होतात. लातुरात प्रशासन स्थानिक सुट्टी देतं, बाजारपेठेत शुकशुकाट असतो. ज्याला वावर नाही तोही कुणाच्या तरी वावरात जातो, आणि ओळख नसली तरी जेवल्याशिवाय त्याला कुणी सोडत नाही. कडब्याची कोपी म्हणजे खोपटं करून आत पाच पांडवांचे दगड मांडतात. पूजा झाली की आंबील घेऊन ‘ओलगे ओलगे, सालम पलगे’ म्हणत पिकात शिंपडत फिरतात. तुमच्या लेकरांना त्या माणसाच्या मागं ओरडत पळू द्या.

मग जेवण. माझी आई आदल्या रात्री झोपायचीच नाही. तुरीचे सोले, हिरवा हरभरा, वाटाणे, वालाच्या शेंगा, मेथी, गाजर, जे रानात असेल ते चिंचेच्या कोळात शिजवून, बेसन लावून तिची भज्जी व्हायची. सोबत बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि माठातली आंबील. ज्वारीच्या पिठाची, ताकातली, लसूण घातलेली. आंबील पोटात गेली की डोळे मिटायला लागतात. वर्षभर ज्या रानात वाकून खुरपायचं, त्याच रानात एक दिवस कामाला हात न लावता झाडाखाली आडवं व्हायचं. माझ्या वडलांना इतकं निवांत पसरलेलं मी एरवी कधी पाहिलं नाही. धाकटीला हे नक्की सांगा. आपल्याकडच्या शेतकऱ्याला सुट्टी मिळते तीसुद्धा शेतातच.

एक कळकळीची विनंती. थर्माकोलच्या पत्रावळी आणि स्पीकर नेऊ नका. हरभऱ्याला तेव्हा घाटे धरत असतात, मुलांना बांधावरून चालायला शिकवा.

हुरडा तुमच्या मुक्कामात लागेलच असं नाही, पेरणी लवकरची असेल तर मिळेल. गूळभेंडी ज्वारी कुणाकडं आहे ते आधी विचारून ठेवा. हल्ली पैसे घेऊन हुरडा देणारी शेतं झाली आहेत. त्यात मला काही वाईट वाटत नाही, शेतकऱ्याच्या हातात चार पैसे पडतात. फक्त ताटात वाढून आलेला हुरडा खाऊ नका. गोवऱ्यांच्या आगटीजवळ बसा, भाजलेलं कणीस तळहातावर चोळून घ्या, चटके बसू द्या.

येडशीचं रामलिंग मात्र दाखवाच. बालाघाटाच्या कुशीतलं महादेवाचं मंदिर, भोवती अभयारण्य, माकडं, मोर. धबधबा पावसाळ्यातला, तो आता दिसायचा नाही. आमच्या लहानपणी लातूरहून बार्शी लाइटनं यायचं. ही अडीच फुटी रुळांची गाडी 1911 मध्ये लातूरपर्यंत आली होती. घाटात ती इतकी हळू चालायची की आम्ही खिडकीतून झाडांच्या फांद्यांना हात लावायला बघायचो आणि आजी पदर ओढून मागं घ्यायची. पुढं रुंद रूळ आले, गाडी धाराशिववरून जाऊ लागली आणि तो घाट प्रवाशांना दिसेनासा झाला. गाड्या वेळेवर पोचतात, लोकांची सोय झाली, हे खरं. तरी मला त्याची चुटपुट आहे.

नळदुर्गचा किल्ला थंडीत पाहिलात तर पाणीमहाल कोरडा असेल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बोरी नदीवर भिंत बांधली आणि भिंतीच्या पोटातच महाल केला, समोरून पाणी कोसळताना आत बसता यावं म्हणून. वरचं धरण भरून वाहिलं की नर आणि मादी असे दोन धबधबे सुरू होतात आणि जिल्हाभरातून माणसं लोटतात. आपला भाग कोरडा आहे म्हणूनच पाण्याचं एवढं अप्रूप. तेवढ्यासाठी पुढच्या पावसाळ्यात एकदा पुन्हा या.

प्रश्न : पावसाळ्यात अजिंठा-वेरूळला जावं का? लेणी बघताना पावसाचा त्रासच होईल असं घरचे म्हणतात.
– एक वाचक, परभणी

उत्तर : जरूर जा. मी तर म्हणेन, पावसाळ्यातच जा. 1819 मध्ये जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीला आला असताना त्याला अजिंठ्याची लेणी दिसली. वाघूर नदीचं घोड्याच्या नालेसारखं वळण आणि त्या कड्यात कोरलेली लेणी एका नजरेत बघायची तर समोरच्या डोंगरावरच्या व्ह्यू पॉइंटला उभं राहायला हवं. लेण्यांच्या टोकाला सात कुंडांचा धबधबा असतो. वेरूळला बहुतेक जण कैलास पाहून परततात. तुम्ही 29 क्रमांकाच्या लेण्यापर्यंत चाला, शेजारीच वेळगंगा कड्यावरून खाली पडते. दगड शेवाळलेले असतात, म्हाताऱ्या माणसांचा हात धरा, पाण्यात उतरू नका. अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी, तेव्हा रविवारी अजिंठा आणि सोमवारी वेरूळ असा बेत करा.