तुर्कस्तानात इझमीरला आहोत. गर्दीचं चेश्मे सोडून एका दिवसात समुद्रकाठचं कुठलं गाव बघावं?

जुन्या फोचाला जा. इझमीरपासून साधारण ७० किमी. इझबान लोकलने हातुंदेरेपर्यंत आणि पुढे शहर बसने जाता येतं. हेच प्राचीन ग्रीक शहर फोकाया. इथल्या दर्यावर्दींनी इ.स.पू. ६००च्या सुमारास फ्रान्समधलं मार्सेय वसवलं! तटबंदीच्या पायथ्याशी अजूनही मच्छीमारांच्या होड्या डुलत असतात, मागे दगडी घरांच्या गल्ल्या. उन्हाळ्यात धक्क्यावरून सायरन खडकांकडे (ग्रीक पुराणकथांतल्या गाणाऱ्या सायरन्सच्या नावाचे) बोटी सुटतात, ती फेरी चुकवू नकाच. दुर्मीळ मंक सील याच किनाऱ्यावर राहतात, पण दिसतीलच असं नाही. जुलै-ऑगस्टचे शनिवार-रविवार मात्र टाळा, तेव्हा इझमीरकर इथेच लोटतात. पोहणार असाल तर पाणी ऐन उन्हाळ्यातही गार लागतं.