शेलरचं 'रसाँतिमाँ' मराठीत कसं आणायचं?

प्रश्न असा आलाय की तत्त्वज्ञ माक्स शेलरवर मराठीत टिपण लिहायचंय, त्यात रसाँतिमाँ (ressentiment, म्हणजे ढोबळमानाने गिळलेला राग आत साचत जाणं) हा शब्द सारखा येतो, तर 'मत्सर' लिहिलं तर चालेल का. माझ्या मते नाही चालणार.

आधी एक गंमत, शब्द फ्रेंच आहे आणि शेलर जर्मन, पण त्यालाही जर्मनमध्ये नीट प्रतिशब्द सापडला नाही म्हणून त्याने तो तसाच ठेवला, तत्त्वज्ञ नीत्शेने १८८७ मध्ये तो आधीच रुळवला होताच. शेलरचा यावरचा निबंध १९१२ चा, म्हणजे मूल्यांच्या नीतिशास्त्रावरचा त्याचा मोठा ग्रंथ (१९१३ आणि १९१६, दोन भागांत) यायच्या जरा आधीचा.

आता अर्थ. कुणीतरी दुखावतं, उलट काही करता येत नाही, राग गिळावा लागतो, आणि तो गिळलेला राग परत परत वर येत राहतो. आपल्याकडे 'डूख धरणं' आहे, पण डूख धरणारा डसायची संधी शोधत असतो आणि शेलर म्हणतो की सूड घेता आला किंवा नुसतं तोंडावर भांडता आलं तरी रसाँतिमाँ होत नाही. 'चडफड'मध्ये हतबलता बरोब्बर येते पण ती तासाभरात विरते. 'खुन्नस' तर उघडच असते, बादच.

खरी मेख पुढे आहे. कोल्ह्याला द्राक्षं आंबट ही गोष्ट शेलरही घेतो, पण तो म्हणतो की कोल्हा द्राक्षांनाच आंबट म्हणतो, गोडी वाईट असं काही म्हणत नाही. ऑफिसात प्रमोशन हुकलेला माणूस आधी म्हणतो "नकोच ते, डोक्याला ताप", हा झाला कोल्हा. दोन वर्षांनी तोच चहाच्या टपरीवर सांगतो की वर जावंसं वाटणं हाच मुळात हलकटपणा, आणि ते त्याला मनापासून पटलेलं असतं, तो खोटं बोलत नसतो. हे रसाँतिमाँ. शेलरच्या मते मूल्यं आपल्याला भावनेतून थेट जाणवतात आणि त्यांना वरखाली क्रम असतो, सुखद सगळ्यात खाली, मग प्राणशक्तीची, मग सत्य-न्याय-सौंदर्य आणि सगळ्यात वर पवित्र. रसाँतिमाँमध्ये हा क्रम जागचा हलत नाही, तो बघणारी नजर मात्र बिघडते.

म्हणून मला 'असूया' जवळची वाटते. हल्ली आपण ती मत्सराच्या अर्थानेच वापरतो पण अमरकोशात बघा, "असूया तु दोषारोपो गुणेष्वपि", गुणांवरसुद्धा दोष लादणं. फक्त त्यात ते साचत जाणं नाही, म्हणून मी 'साचलेली असूया' करीन. पहिल्यांदा मूळ शब्द देऊन एका वाक्यात फोड करा आणि मग पुढे हे वापरा. 'मत्सर' मात्र शेलर वेगळा काढतो, त्याच्या लेखी ती रसाँतिमाँकडे नेणारी एक वाट आहे, त्यामुळे तो शब्द त्या वाटेसाठीच राखून ठेवा नाहीतर पुढच्या पानावर तुमचीच पंचाईत होईल.