मोठ्या पैशामुळे व्यावसायिक फुटबॉल आणि त्याचे चाहते कसे बदलले?

इंग्लंडचं उदाहरण घ्या. १९९२ मध्ये प्रीमियर लीग ही तिथली सर्वोच्च फुटबॉल स्पर्धा सुरू झाली आणि टीव्हीच्या हक्कांचा पैसा क्लबांकडे वाहू लागला. त्यातून खेळ सुधारला, हे मान्यच करायला हवं: जगभरातले उत्तम खेळाडू आले, मैदानं सुरक्षित झाली. पण तिकिटं इतकी महागली की पिढ्यानपिढ्या स्टँडमध्ये बसणाऱ्या कामगार घरांना ती परवडेनाशी झाली.

२००५ मध्ये अमेरिकेतल्या ग्लेझर कुटुंबाने मँचेस्टर युनायटेड हा क्लब विकत घेतला तो बराचसा कर्ज काढून, आणि त्या कर्जाचा मोठा भाग क्लबच्याच डोक्यावर टाकला. मला हा सरळसरळ अन्याय वाटतो. चिडलेल्या काही चाहत्यांनी त्याच वर्षी स्वतःच्या मालकीचा 'एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर' हा वेगळा क्लब काढला.

तरीही चाहते निव्वळ गिऱ्हाईक झाले, असं मी म्हणणार नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिव्हरपूलने सर्वांत महाग तिकीट ५९ वरून ७७ पौंडांवर न्यायचं ठरवलं. संडरलंडविरुद्ध संघ २-० ने पुढे असताना बरोबर ७७व्या मिनिटाला हजारो प्रेक्षक उठून निघून गेले. (सामना शेवटी २-२ बरोबरीत सुटला.) काही दिवसांतच मालकांनी माफी मागून ही वाढ मागे घेतली. २०२१ मध्ये युरोपातल्या बड्या क्लबांनी आपली वेगळी स्पर्धा म्हणून जाहीर केलेली सुपर लीगही कोसळली, त्यात चाहत्यांच्या संतापाचा मोठा वाटा होता.

जर्मनीत बहुतेक क्लबांमध्ये मतांचं बहुमत सभासदांकडेच राहावं असा नियम आहे. असा नियम इंग्लंडमध्येही हवा होता.