पाचपाखाडीत पाच काय?

प्रश्न: ठाण्यात नवीन आहे, स्टेशनला शेअर रिक्षावाले रोज पाचपाखाडी पाचपाखाडी ओरडतात, पण पाखाडी म्हणजे काय? शेजारच्या काकू म्हणतात पाकळी.

उत्तर: पाकळी नाही हो ताई! पाखाडी म्हणजे गावातली छोटी वस्ती, वाडीसारखी, अशा पाचांवरून पाचपाखाडी, आणि कोकणात तर चिऱ्याच्या पायऱ्यांच्या वाटेलाही पाखाडीच म्हणतात, आमच्या आजीच्या घरामागे होती, पावसात नुसती शेवाळलेली, जपून उतरायला लागायचं. तसंच ठाण्यातल्याच तलावपाळी या भागाच्या नावातली पाळ म्हणजे तळ्याचा बांध, इथे मासुंदा तलावाचा. आणि खुद्द ठाणे म्हणजे शिलाहार राजांच्या ताम्रपटांतलं श्रीस्थानक! एक विनंती, सोसायटीच्या पाटीवर नुसतं ठाणे वेस्ट नका लिहू, पाचपाखाडी पूर्ण लिहा.