काठावरची होडी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नाथसागराचं पाणी उतरलं की आम्ही लाकडी होडी काठावर ओढतो आणि मे महिन्यात फटी डांबराने ठासून भरतो. तरी ती गळतेच. यंदा तर दोन फळ्यांचे खिळे वर आले.
— एक वाचक, पैठण

मे महिन्यात दिसते तेवढी फट खरी नसते. उन्हाने फळी रुंदीत आक्रसते, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून जोड उघडतात. ती फट ठासून भरली की पाण्यात फुगणाऱ्या फळीला जागाच उरत नाही. मग ती शेजारणीला रेटते आणि खिळे उचकटतात.

आधी जुनं डांबर खरवडून काढा. आतून-बाहेरून गोणपाटं अंथरून पाच-सहा दिवस ओली ठेवा. काठावरच्या होडीत पाणी मात्र भरू नका, त्या वजनाने तळ बसतो. भिजून मिटलेल्या जोडांना हात लावायचा नाही. उरलेल्या फटी फडक्याने टिपून तेलात भिजवलेलं सूत बोथट छिन्नीने हलकेच बसवा. कडेपासून दोनेक मिलिमीटर आतच थांबा. वरून राळ आणि जवसाच्या तेलाचा लेप. राळ चटकन पेट घेते, तेव्हा आच मंद हवी. तेलाची फडकी गोळा करून टाकू नका, ढिगात ती आपोआप पेटतात, पाण्यात बुडवा. उचकटलेला खिळा त्याच भोकात पुन्हा ठोकणं व्यर्थ. भोकात खुंटी मारून नवा खिळा शेजारी घ्या.

प्रश्न: फायबरच्या होडीला लावलेलं ठिगळ चिकट राहतं, मग सुटतं.
— एक वाचक, गंगापूर

बहुतेक हार्डनर, म्हणजे रेझिन (फायबरला घट्ट धरणारं चिकट द्रव) कडक करणारं रसायन, कमी पडतंय. चाळीस अंशांत रेझिन डब्यातच गोठतं म्हणून लोक हार्डनर कमी घालतात. किलोला 10 ग्रॅमच्या खाली जाऊ नका. त्यापेक्षा पहाटे, सावलीत, अर्धा-अर्धा किलोच कालवा. 450 ग्रॅमच्या मॅटला (काचतंतूंच्या चटईला) चौरस मीटरमागे साधारण किलोभर रेझिन लागतं. वरचा थर हवेमुळेही चिकट राहतो, म्हणून शेवटच्या हाताच्या रेझिनमध्ये मेण असलेलं द्रावण मिसळा.

सुटण्याचं कारण वेगळं: घासणं अपुरं, किंवा आत ओल. भेगेभोवती जाडीच्या बारापट उतार घासा. कवच 5 मिलिमीटर असेल तर प्रत्येक बाजूला 6 सेंटिमीटर. मग पूर्ण वाळू द्या. रेझिनमध्ये कोबाल्ट (कडक होणं वेगाने घडवणारं द्रावण) घालावं लागत असेल तर ते आधी मिसळा, हार्डनर नंतर. दोन्ही थेट एकत्र केलेत तर स्फोट होतो.