पट्ट्यांची गिटार रंगवण्यापूर्वी

अमेरिकी रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलन यांच्या गिटारसारखे पट्टे आपल्याला हवे असतील, तर ते कसे उमटले हे आधी समजून घ्यावे. त्यांनी काळ्या रंगावर चिकटपट्ट्या लावून वरून पांढरा फवारा मारला व पट्ट्या सोलून काढल्या; लाल रंग १९७९ मध्ये त्याच रीतीने चढला. पट्टे रेखाटलेले नसून झाकून राखलेले आहेत, आणि म्हणूनच खालचा थर पुरता वाळल्याशिवाय चिकटपट्टी लावू नये, नाहीतर ती निघताना रंगाचे पापुद्रेही सोबत घेऊन येते. माझी पहिली गिटार अशीच सोलली गेली होती. पट्टीची कड नखाने दाबून बसवावी, नव्या रंगाआधी खालच्याच रंगाचा एक पातळ हात फिरवावा, म्हणजे कडेखाली झिरपले तरी ते दिसत नाही, आणि शेवटचा हात कडक होण्यापूर्वी पट्टी तिरकी ओढून काढावी. तारा, मान (तारांखालचा लांब दांडा) व तारांचा कंप टिपणारे पिकअप आधी उतरवावेत. मान बसते त्या खाचेत मात्र रंग मुळीच जाऊ देऊ नये, कारण थर साचला की मान नीट बसत नाही. रंगाने आवाज बिघडेल ही भीती इलेक्ट्रिक गिटारच्या बाबतीत मला तरी अनाठायी वाटते.