आजी म्हणते देव आहे, आजोबा म्हणतात नाही

प्रश्न घेऊन आई-बाबा दोघंही आले होते. मुलगी साडेपाच वर्षांची. बाबांचं घर फलटणकडचं, पिढ्यान्‌पिढ्या वारकरी. आजीच्या गळ्यात माळ, दोन्ही एकादश्या कडक. आईचं माहेर, म्हणजे या आजोबांचं घर, नागपूरचं, बौद्ध. 14 ऑक्टोबर 1956 रोजी दीक्षा घेतलेल्यांत पणजोबा होते. दोन्ही घरांनी हे लग्न उशिरा का होईना, मनापासून स्वीकारलेलं. आता मुलगी विचारते, "आजी म्हणते देव सगळं बघतो. आजोबा म्हणतात देव नसतोच. मग खोटं कोण बोलतं?" मुलीचा गोंधळ उडेल, म्हणून शहाणी होईपर्यंत दोन्हीकडचं काहीच शिकवू नये का, असं आई-बाबांना विचारायचं होतं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

दोन घरांतल्या दोन रीती पाच वर्षांच्या मुलाला जड जात नाहीत. आजीकडे चपला बाहेर काढायच्या, मावशीकडे घरात चालतात, हे ते बिनबोभाट शिकतं. या मुलीचंही तसंच होतं. तिची अडचण निराळी निघाली. रात्री झोपताना ती पुन्हा पुन्हा हात जोडायची आणि "माझं काही चुकलं का?" असं आईला विचारत राहायची. चौकशीअंती कळलं, की देवघरापाशी तिच्या हातून दूध सांडलं होतं आणि आजी सहज म्हणाली होती, "देव बघतोय हं, पाप लागेल." दोनच दिवसांत धाकट्या भावाला ताप आला. मुलीने मनातल्या मनात दोन्ही गोष्टी जोडल्या.

या वयात हे स्वाभाविक आहे. चूक झाली की जग आपणहून शिक्षा करतं, अशी लहान मुलांची समजूत असते, हे बालमानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी 1932 मध्ये मांडलं. मोठ्यांसाठी 'पाप लागेल' हा बोलण्याचा प्रघात असतो. मुलाला ती बातमी वाटते.

म्हणून आधी भीती काढली, श्रद्धेचा विषय नंतर घेतला. आईने काय बोलायचं ते ठरवून दिलं: "दूध सांडलं म्हणून कुणाला ताप येत नाही. ताप जंतूंमुळे येतो. दूध सांडलं की फडकं आणायचं आणि पुसायचं." हे दिवसाउजेडी, खेळता खेळता सांगायचं, कारण झोपताना काढलेला विषय अंधारात वाढतो. एकदा सांगून भागत नाही. मुलगी परत विचारेल तेव्हा तेच शब्द, त्याच शांतपणे. दर वेळी नवं स्पष्टीकरण दिलं, तर मुलाला वाटतं की मोठ्यांनाच खात्री नाही.

आता आजी-आजोबा. इथे एक नियम पाळला तर निम्मं भांडण टळतं: ज्याने त्याने आपापल्या आई-वडिलांशी बोलावं. सुनेने सासूला किंवा जावयाने सासऱ्यांना समजवायला जाऊ नये. आजीचा पहिला प्रश्न रास्त होता, "मग मुलांना धाक कशाचा राहणार?" धाक स्वतःचा दाखवा, देवाला मध्ये ओढू नका, एवढंच बाबांनी तिला सांगितलं. "भांडं आपटलंस तर मी रागावेन" हे वाक्य मुलाला कळतं आणि राग ओसरला की संपतं. सगळं बघणाऱ्याचा राग कधी ओसरला, हे मुलाने ओळखायचं कसं?

शिवाय आजीकडे भीतीपेक्षा कितीतरी चांगला ऐवज होता. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे 'कोरडी नको खाऊस' म्हणत तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव, काशीहून रामेश्वराला नेत असलेलं गंगाजल तहानलेल्या गाढवाला पाजणारे एकनाथ. रात्री एकच गोष्ट, पाच-सात मिनिटांची. शेवटी 'यातून काय शिकलीस?' हे विचारायचं नाही, त्याने गोष्टीचा धडा होतो. 'गाढवाला केवढी तहान लागली असेल गं?' हे चालतं. वारीत लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात, तेही आजीने घरी सुरू केलं: नात वाकली की आजीही वाकते, "माउली" म्हणते. नातीला यात भारी गंमत वाटते.

आजोबा तीर्थ-प्रसाद घेत नाहीत, याला घरात 'हट्ट' म्हणत. तो हट्ट नाही. बाबासाहेबांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञांमध्ये कोणते देव मानणार नाही हे नावानिशी आहे. त्यांच्या ताटात आग्रहाने प्रसाद वाढणं म्हणजे त्यांचा शब्द मोडायला लावणं. हे घरात सर्वांना स्पष्ट सांगावं लागलं. त्यांच्याकडून मागितलं एकच: नातीसमोर "दगडाला कसले हात जोडता" म्हणायचं नाही. मुलीला त्यात देवाबद्दल काही ऐकू येत नाही, 'आजी वेडी आहे' एवढंच ऐकू येतं. त्याऐवजी, "मी हात जोडत नाही, आजी जोडते." त्याच 22 प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याचीही एक आहे. वारकरी जिला भूतदया म्हणतात, तिच्याशी हे सरळ जुळतं, आणि पाच वर्षांच्या मुलीला दोन्हीकडे समान असलेलं एवढं पुरतं.

मूळ प्रश्नाला उत्तर असं ठरलं: "खोटं कुणीच बोलत नाही. आजीला देव आहे असं वाटतं, आजोबांना नाही असं वाटतं. मोठी झालीस की तुला काय वाटतं ते तू ठरव." "आणि तुला?" हे ती पुढे विचारणारच. आई-बाबांनी टाळायचं नाही, खरं ते दोन वाक्यांत सांगायचं, दोघांची उत्तरं वेगळी असली तरी.

सहभागाचं म्हणाल, तर लहान मुलाला बसवून ठेवण्यापेक्षा काम द्यावं. आजीकडे तुळशीला पाणी, बुक्क्याची डबी धरणं. आजोबांकडे बुद्धवंदनेआधी फुलं मांडणं, शेवटी सगळ्यांबरोबर "साधू, साधू, साधू" म्हणणं, पौर्णिमेला खिरीच्या वाट्या पोचवणं. पाच ते दहा मिनिटं पुष्कळ झाली. पुढे उठली तर उठू द्या. निरांजन आणि मेणबत्ती मोठ्यांच्याच हातात, आणि घोळदार नायलॉनचा फ्रॉक अशा वेळी नको. उपास नको. पंढरपूर काय, दीक्षाभूमी काय, पहिली भेट यात्रेच्या गर्दीत नको, साध्या दिवशी. पंढरपुरात पदस्पर्शाच्या रांगेत तास जातात, मुलासाठी मुखदर्शन बरं.

दयाळूपणासाठी आईने फ्रिजवर तक्ता लावला होता: एक मदत, एक स्टिकर. तो काढायला सांगितला. 2008 मध्ये वार्नेकन आणि टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगात मदतीबद्दल वस्तू मिळालेली वीस महिन्यांची बाळं पुढे कमी मदत करू लागली. ज्यांना काहीच मिळालं नव्हतं ती करत राहिली. स्टिकरऐवजी, काय घडलं ते नुसतं सांगावं: "तू पाणी दिलंस, आजोबांचा ठसका थांबला."

रोजचं काम म्हणून पक्ष्यांचं पाणी ठेवलं. ते आजोबा इकडे असतात तेव्हा त्यांच्याबरोबर. मातीचं पसरट भांडं, पाणी दोन बोटं, मध्ये टेकायला एक दगड. रोज ओतून नवं पाणी, दोन-तीन दिवसांनी काथ्याने घासणं. हे चुकलं तर आठवड्याभरात त्यात डास होतात आणि पुण्य सोसायटीला महागात पडतं. कबुतरांना दाणे मात्र नकोत, त्यांच्या विष्ठेने फुप्फुसांचे विकार होतात. रस्त्यावरच्या कुत्र्याला मुलाने हाताने भरवायचं नाही, नामदेवांची गोष्ट कितीही आवडली तरी.

खेळणी द्यायची असतील तर कोणती ते मुलाने ठरवावं, आणि मोडकी नकोत. "बिचारे गरीब" हा शब्दप्रयोग टाळा. मूल त्यातून दया कमी आणि उंचावरून बघणं जास्त शिकतं.

तीन-चार आठवड्यांत रात्रीचं हात जोडणं कमी होत गेलं. तसं झालं नाही, हात जोडणं, धुणं किंवा तेच तेच विचारणं दिवसाचा तासभर खाऊ लागलं किंवा झोप, जेवण, शाळा बिघडली, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता बालमानसोपचारतज्ज्ञांकडे जावं.

आई-बाबांनी जाता जाता विचारलेला प्रश्न मात्र पुढचा होता. पहिलीत कुणीतरी विचारतंच, "तुम्ही कोण?" हा प्रश्न बहुधा धर्माचा नसतो, जातीचा असतो, आणि मुलांनी तो घरून आणलेला असतो. मुलीला "कुणी विचारलं तर सांगू नकोस" असं शिकवलं, की त्यात काही लाजिरवाणं आहे हे ती ताबडतोब ओळखते. तिला साधं उत्तर घरी म्हणून पाठ असू द्या: "माझी आजी वारकरी आहे, माझे आजोबा बौद्ध आहेत." त्यावर कुणी चिडवलं, तर ते निस्तरणं मुलीचं काम नाही. आई-बाबा दोघांनी मिळून वर्गशिक्षिकेला भेटायचं, काय बोललं गेलं ते शब्दशः सांगायचं, आणि पुढच्या आठवड्यात परत विचारायला जायचं.